सवाष्णींपुरतं वाण

माझा हात पुढे होता. तळवा वर. बोटांना गुळाचा पाक अजून चिकटलेला. निर्मलाताईंनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे, आणि कूपनांचा गठ्ठा छातीशी धरला.

"मावशी, तुम्हाला कशाला हे? हे सवाष्णींचं आहे."

उज्जैनच्या फ्रीगंजमधला आमच्या महिला मंडळाचा हॉल. गेल्या वर्षीची संक्रांत. हळदीकुंकू चाललेलं. काळ्या साड्यांच्या ओळी, मध्ये हलव्याचे दागिने घालून बसवलेली कोणाची तरी नवी सून. माझी जागा मागच्या खोलीत. गॅस, परात, तीळ, गूळ. मंडळाचा तिळगूळ मी करते. करत होते.

दरवर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी, नाहीतर प्लास्टिकचा डबा. त्या वर्षी मंडळाला सुचलं, आरोग्याचं वाण द्यावं. जवळच्या एका खासगी दवाखान्याशी बोलणं झालेलं. गुलाबी कूपन. ते घेऊन जायचं आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तर नाही ना, हे फुकट तपासून घ्यायचं. एका पाहुण्या डॉक्टरीणबाईंनी माइकवर सांगितलं, तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईने ही तपासणी करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. प्रत्येक बाईने. मी आतून ऐकत होते. पाक होत आलेला, तो तसाच उतरवून ठेवला आणि बाहेर आले.

प्रत्येक बाई म्हणजे मीसुद्धा, असं मला वाटलं. बघा अक्कल.

वाण म्हटलं की ते सवाष्णीच्याच पदरात पडणार. यात काही चुकतंय असं त्या हॉलमध्ये एकीलाही वाटलं नाही. कूपनवर नावाच्या जागेआधी 'सौ.' छापूनच आणलं होतं. जणू हा आजार दारात उभा राहून आधी कपाळ बघतो. टिकली असली तरच आत शिरतो.

"का हो मावशी, काही विशेष?" ही मंजूवहिनी. मंडळाची सेक्रेटरी. हिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत जातो. "मिस्टरांना जाऊन अठरा वर्षं झाली ना तुमच्या?"

आधी एक हसली. मग दोघी. मग ते हसू ओळीओळीने मागे सरकत गेलं. तिसऱ्या ओळीत माझी सून बसलेली. वर्षा. ती हसली नाही. तिने मान खाली घातली. हसली असती तर परवडलं असतं.

मी हात मागे घेतला. पदराला पुसला. आत गेले. आणि पाक पुन्हा गरम करून उरलेले लाडू वळले. आता लिहिताना माझंच मला हसू येतं. एकाचंही बूड चपटं नाही, सगळे कसे गोल, गुळगुळीत. अपमान झालेल्या बाईचे लाडू चांगले होत असावेत.

त्या हॉलमध्ये सगळ्या एकमेकींना ताई म्हणतात, वहिनी म्हणतात. मी एकटी मावशी. माझ्याहून मोठ्या बायकांचीसुद्धा मी मावशीच. निर्मलाताईंचे यजमान बँकेत मॅनेजर होते, माझा नवरा त्याच बँकेत चपराशी. तो गेला तेव्हा साहेब स्वतः घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि "काही लागलं तर सांगा" म्हणाले. पुढे मंडळाने मला तिळगुळाचं काम दिलं. उपकार म्हणून. तो उपकार परातीत घेऊन मी इतकी वर्षं वळत बसले, आणि शिवाय मान खाली घालून "तुमच्यामुळे हो ताई" म्हणत राहिले. काय गुणी बाई होते मी! माझ्यासारखी मावशी मलाच मिळाली असती तर मीही सोडली नसती.

हात पुढे का केला होता, ते हॉलमध्ये कोणाला माहीत नव्हतं. घरातही नव्हतं. माझ्या अंगावरून जात होतं. पाळी बंद होऊन दहाएक वर्षं झालेली, आणि त्या दिवाळीपासून पुन्हा डाग. कधी नुसतं पाणी, कधी लाल.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाथरूममध्ये उभी राहून मी काय विचार केला असेल? पाळी परत आली! म्हातारीला वाटलं, महाकालाच्या नगरीत काय होणार नाही, जवानीच परत पाठवली असेल त्याने. मग वाटलं, उष्णता. दिवाळीचे अनारसे, गूळ, तळण, पडलं असेल गरम. सब्जा खाल्ला. धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. गुलकंद खाल्ला. गुलकंद जरा जास्तच खाल्ला, कारण तो मला आवडतो. डाग काही थांबले नाहीत. जुन्या साडीचे तुकडे करायचे, धुवायचे आणि गच्चीवर चादरीच्या खाली लपवून वाळत घालायचे. साठी ओलांडलेली बाई, आणि सगळं वागणं नुकत्याच शहाण्या झालेल्या पोरीचं.

डॉक्टरकडे का नाही गेले? तर मी जन्माची संशयी. भाजीवाल्याने एक लिंबू जास्त टाकलं की मी बाकीची दाबून बघते. कोणी फुकट काही द्यायला लागलं की मला आधी वाटतं, हा माझं काय घेऊन जाणार.

तरुणपणीची गोष्ट सांगते. तेव्हा आम्ही नानाखेड्याकडे भाड्याने राहायचो. मुलगा लहान होता. सरकारी नर्सबाई घरोघर फिरून सांगायची, बायकांचं शिबिर आहे, चला, तपासून घ्या. गल्लीत कोणीतरी उठवलं होतं की तपासायच्या नावाखाली नसबंदी करून टाकतात. नर्सबाईने माझं दार वाजवलं. मी आतून कडी घातली आणि ओरडले, "घर में कोई नहीं है!"

बाहेरून ती म्हणाली, "तो बोल कौन रहा है?"

"कोई नहीं!" मी ठासून सांगितलं.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग चपला वाजवत निघून गेली. मी दाराला कान लावून ती नक्की गेली याची खात्री केली आणि मग आलं घालून चहा केला. जिंकल्याचा चहा. अशी हुशार बाई उज्जैनमध्ये दुसरी नव्हती.

पण माझा सगळाच संशय खुळा नव्हता. रामकुंवर नावाची माझी मैत्रीण आहे, भैरवगढची. कापडावर ठशांनी छपाईचं काम करायची. तिच्याकडून चादरी घेता घेता ओळख झाली आणि टिकली. पस्तिशीत तिची कंबर दुखायला लागली म्हणून ती एका दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाला, "बच्चेदानी निकलवा लो, नहीं तो कैंसर हो जाएगा।" ना आत बघितलं, ना काही तपासलं. गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. कॅन्सर होता का, ते कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मी म्हटलं, अगं, विचारायचं तरी! तर म्हणाली, "पढ़े-लिखे आदमी से क्या पूछूँ, बाई?" त्यानंतर तिला छपाईच्या मेजापाशी फार वेळ उभं राहता येईना. काम सुटलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, डॉक्टर आत डोकावतो तो काहीतरी उचलून न्यायलाच.

अशी बाई त्या दिवशी भर हॉलमध्ये हात पसरून उभी होती. किती घाबरली असेल, तुम्हीच समजा.

घरी येताना रिक्षात वर्षा रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही कशाला गेलात पुढे?"

"डॉक्टरीण म्हणाली ना, प्रत्येक बाईने."

"अहो पण ते लग्न झालेल्या बायकांचं असतं."

"माझं काय लग्न रद्द झालं?"

ती हसली नाही. नाक्याजवळ अगदी हळू, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "आई, काही आहे का? म्हणजे... तसं काही..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. मी पुरं ऐकलं.

त्या दिवसापासून ती माझ्यावर नजर ठेवायला लागली. सकाळी फिरायला जाताना मी नवी चप्पल का घातली. दूधवाल्याशी बोलताना हसले का. देवळातून यायला उशीर का झाला. माझ्या सुनेला माझ्या पोटात आजाराचा संशय येत नव्हता. माणसाचा येत होता.

आणि मी काय करत होते? मी तिच्या बाजूने झाले! स्वतःचीच झडती घ्यायला लागले. आपल्या हातून कधी काही पाप घडलं का? आठव, आठव. खूप शोधल्यावर एक स्वप्न सापडलं. नवरा गेल्यानंतर कधीतरी पडलेलं. बँकेतले एक कॅशियर होते, त्यांचा आवाज फार छान होता. स्वप्नात त्यांनी मला "बसा ना" म्हटलं होतं. एवढंच. बसलेसुद्धा नाही मी. त्या न बसल्याची शिक्षा म्हणून मी महिनाभर डाग धूत होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

वर्षाचं कूपन फ्रिजवर होतं. महाकालाच्या चित्राचं मॅग्नेट वर दाबलेलं. एक दिवस मी विचारलं, "जाणार आहेस का?"

"बघू. मला कुठे काही त्रास आहे? आणि हे पण म्हणून राहिले, कशाला नसती झंझट."

शेजारच्या दोघीतिघींना विचारलं. एकीचा नवरा म्हणाला, पुरुष डॉक्टर असेल तर? दुसरीला लाज. तिसरीच्या कपाटाचं दार वाजायचं, तिने कूपनची घडी करून फटीत बसवलेली. दार वाजायचं थांबलं. मंडळाचा मात्र पेपरात फोटो आलेला. हसऱ्या बायका, हातात गुलाबी कागद. फोटोत मी नव्हते, माझे लाडू होते.

फ्रिजसमोर उभी होते मी. हातात दुधाचं पातेलं. आणि अचानक कळलं. ज्यांना मिळालं, त्यांना जायचं नव्हतं. जिला जायचं होतं, तिला दिलं नाही. आणि ती बाई अजून कॅशियरच्या स्वप्नाचा हिशेब लावत बसलीय! मी पातेलं ओट्यावर ठेवलं. राग आला. तापलेला नाही, गार राग. फ्रिजसारखा.

मॅग्नेट बाजूला सारलं. कूपन काढलं. पेन घेतलं आणि 'सौ.' वर काट मारली. कागद फाटेपर्यंत.

दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी बसली होती. कूपन उलटंसुलटं करून म्हणाली, "आंटी, इसपे तो वर्षा जी का नाम है।"

"बहू है मेरी। जाँच मुझे करानी है।"

"पर ये तो मैरिड लेडीज़ का है।" मग आवाज एकदम खाली. "आपके हस्बैंड...?"

मागे बाक भरलेलं. बायका, दोन पुरुष. माझ्या तोंडात तेच जुनं वाक्य आलं होतं. घर में कोई नहीं है. गिळलं. आणि म्हणाले, "पति अठारह साल पहले गुज़र गए। महीना दस साल पहले बंद हो गया। अब फिर खून जाता है। लिख लोगी, कि और ज़ोर से बोलूँ?"

मुलीने लिहून घेतलं. बाकावरचा एक माणूस उठून बाहेर उभा राहिला. जे वाक्य मी इतके महिने चादरीखाली वाळत घालत होते, ते बोलायला एक श्वास लागला. एकच.

डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी केली. सगळा वेळ माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होते. "बच्चेदानी निकाल देते हैं, माताजी। इस उमर में वैसे भी किस काम की?"

मला रामकुंवर दिसली. मेजाला धरून उभी.

"कैंसर है क्या?" मी विचारलं.

"हो सकता है।"

"देखा कहाँ आपने? कूपन पे लिखा है, मुँह की जाँच। वो तो आपने की ही नहीं।"

"ऑपरेशन के बाद टुकड़ा भेज देंगे जाँच को।"

"मतलब पहले घर गिराओगे, फिर देखोगे कि चोर था कि नहीं?"

डॉक्टर हसले नाहीत. मी साडी सावरली आणि उठले. पळालेच म्हणा. पण पूर्वी पळून घरी गेले असते आणि कडी घातली असती. या वेळी पळत सरकारी दवाखान्यात गेले. पळण्याची दिशा बदलली.

तिथे रांग. ऊन. लेकरांची रड. आत एक सिस्टर. तिने नवऱ्याबद्दल काही विचारलं नाही. "अम्मा, कब से जा रहा है?" एवढंच. दुसरी असती तर त्या एका प्रश्नाने रडली असती, पण मी संशयी. मी चौकशी सुरू केली.

"ये क्या है?"

"इससे खोलके अंदर देखते हैं।"

"कुछ काटोगी?"

"नहीं।"

"निकालोगी?"

"नहीं अम्मा, ये छोटा ब्रश फिराएँगे बस।"

"ब्रश नया है?"

"अम्मा, आप थाने से आई हो क्या?"

पडद्यापलीकडच्या बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्यात मला आत घेतलेलं होतं. मग टेबलावर पाय फाकून पडले आणि पंख्याकडे बघत राहिले. लाज वाटली का? वाटली. दुखलं का? थोडं, आतून ओढल्यासारखं. लग्नानंतर इतक्या वर्षांत जिथे मी स्वतः कधी बघितलं नाही, तिथे कोणीतरी दिवा धरून नीट बघत होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पाहिलं. आत जखम दिसतेय म्हणाल्या, आणि चिमटीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. काढण्याआधी मला सांगितलं, का काढतोय ते. मी विचारलं, "उतना ही ना?" त्या म्हणाल्या, "उतना ही।"

रिपोर्ट आला. कॅन्सर. सुरुवातीचा.

त्यांनी समजावून सांगितलं. हा बहुतेक करून एका विषाणूमुळे होतो. तो संबंधातून येतो आणि कित्येकदा वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसून राहतो. "आपके पति के ज़माने का भी हो सकता है।" म्हणजे माणूस गेला, आणि ठेवून गेला. रामकुंवरला मी हे सांगितलं तर तिला छपाईतला तुरटीचा ठसा आठवला. म्हणाली, "फिटकरी का ठप्पा है ये, बाई। कपड़े पे मारो तो दिखता थोड़ी है। कढ़ाई में उबलता है, तब लाल निकलता है।"

डॉक्टरीणबाई आणखी एक म्हणाल्या. "तकलीफ़ से पहले की जाँच है ये, अम्मा। दो-चार साल पहले एक बार दिखा लेतीं तो इतना सब लगता ही नहीं।"

मला तो आल्याचा चहा आठवला. जिंकल्याचा.

इंदूरला सिकाई झाली. सिकाई म्हणजे किरणांचा उपचार. मशीनखाली झोपायचं, जळजळ, जुलाब, तोंडाची चव गेलेली. घरी रिपोर्ट दाखवल्यावर वर्षा दर खेपेला बरोबर आली. डबा, पाण्याची बाटली, माझी पिशवी, सगळं तिने धरलं. बसमध्ये माझं डोकं तिच्या खांद्यावर असायचं. खोटं नाही बोलणार, पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं तिने केलं. पण गल्लीत सांगितलं, "आईंना पथरी झालीय." मुलानेही तेच सांगितलं. पथरी, म्हणजे मुतखडा, हा इज्जतदार आजार आहे. पथरी झालेल्या विधवेला कोणी विचारत नाही, काही विशेष?

यंदा संक्रांतीच्या आधी निर्मलाताई घरी आल्या. "मावशी, पथरीचं बरं आहे ना आता? तिळगुळाचं बघायचं होतं." मग खुशीत म्हणाल्या, "यंदाही तेच वाण ठेवलंय. गेल्या वर्षी फार कौतुक झालं आपलं."

"गेल्या वर्षी तपासायला कोण कोण गेलं?"

"आता ते कसं विचारणार?"

"तुम्ही गेलात?"

"अहो, मला कुठे काय होतंय!"

"ताई, ते 'सौ.' काढा. जिला हवं तिला द्या. आणि तो दवाखाना नको. मी दाखवते तिथे बायकांना घेऊन चला."

"मावशी, हळदीकुंकू आहे ते. त्याचा एक मान असतो. विधवा बायकांसाठी आपण वेगळं काहीतरी ठेवू ना. नंतर."

"नंतर म्हणजे आमच्या तेराव्याला?"

त्यांचा चेहरा उतरला. वाईट बाई नाहीत त्या. हेच तर कठीण आहे. वाईट असत्या तर मी कधीच भांडले असते. "रागावलात होय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला..."

"हो. इतकी वर्षं. यंदा लाडू दुसरीकडून घ्या."

संक्रांतीला मी वर्षाबरोबर हॉलमध्ये गेले. काळी साडी नेसून. रिकामं कपाळ घेऊन. मागच्या खोलीत वळले नाही, पहिल्या ओळीत जाऊन बसले. कोणी उठ म्हणालं नाही. उठवायचं कसं, याचा कोणाला अनुभव नव्हता. मंजूवहिनी कूपन वाटत आली. माझ्या डावीकडच्या बाईला दिलं. उजवीकडच्या बाईला दिलं. मध्ये मी नव्हतेच.

मी उठून उभी राहिले.

"मला पथरी नव्हती," मी म्हणाले. "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. नवरा नसताना निघाला. इंदूरला सिकाई झाली. मंजूवहिनी, गेल्या वर्षी तुम्ही विचारलं होतं ना, काही विशेष? हे होतं विशेष."

शेजारच्या बाईने खुर्ची जराशी सरकवली. एकीने हातातला लाडू बशीत परत ठेवला. तो मी वळलेला नव्हता. मग निर्मलाताईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "चला, आता उखाणे घेऊ या."

आणि त्यांनी उखाणे घेतले. एकीमागून एक. चांदीच्या ताटात, सोन्याच्या वाटीत, सगळ्यांचे नवरे एकदम सुखरूप.

बाहेर चपला घालताना एक बाई माझ्याजवळ आली. चाळिशीची असेल. मंगळसूत्र मुठीत धरलेलं. कुजबुजली, "मावशी, कुठे दाखवलंत? मी विचारलं ते कोणाला सांगू नका हं."

मी सांगितलं. कुठली इमारत, कुठली खोली, कुठली खिडकी, सगळं सांगितलं. मोठ्याने. जिन्यात घुमेल असं. ती लाल झाली आणि झपझप निघून गेली. पण ऐकून गेली.

घरात शिरल्यावर वर्षा म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती, आई?"

"तुझं कूपन कुठे आहे?"

यंदाचंही तिने आल्या आल्या फ्रिजवर लावलेलं. त्याच मॅग्नेटखाली.

"ते राहू दे तिथेच," मी म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चल. तिथे कूपन लागत नाही."

"मला काही त्रास नाही हो."

"नाही ना? मग हीच वेळ."

"बघू म्हटलं ना!" ती खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी संशयी बाई आहे. ते काही जायचं नाही आणि मला घालवायचंही नाही. फक्त इतकी वर्षं तो संशय मी स्वतःवर खर्च केला. माझ्या अंगावर, माझ्या चालीवर, एका बिचाऱ्या स्वप्नावर. आता तो त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. फुकट देणाऱ्यावर. न बघता कापणाऱ्यावर. मान असतो म्हणणाऱ्यावर. आणि 'बघू'वर तर सगळ्यात जास्त. लाडू मी पुन्हा वळणार नाही. विधवा असो, सवाष्ण असो, टाकलेली असो, बिनलग्नाची असो, तिशी ओलांडलेली जी कोणी मला दिसेल, तिला मी हे विचारणार. चारचौघांत विचारणार. निर्मलाताईंनाही.

पण आधी घरातली.

वर्षाच्या दारासमोर मी खुर्ची टाकलीय. हे लिहितेय ते तिथेच बसून. उद्या सकाळी दवाखान्याची खिडकी उघडेल तेव्हा ती माझ्याबरोबर रांगेत असेल. आतून ती ओरडेल, आत कोणी नाही. ओरडू दे. ती ओरड मला पाठ आहे. ती नर्सबाई चपला वाजवत परत गेली होती.

मी जाणार नाही.